पायीं चालणारा एडवर्ड पेसन वेस्टन

धांवण्याच्या शर्यतीला टाळ्या मिळतात आणि चालण्याच्या शर्यतीला हंशा मिळतो, हा अनुभव नवा नाहीं. कंबर हालवीत, कोंपरें मागेंपुढें नेत, टाच टेंकून झपाझप चाललेला मुलगा पाहिला म्हणजे मैदानाभोंवतीं बसलेल्या पाहुण्यांना हंसूं आवरत नाहीं. पण हंसणारांपैकीं किती जणांना त्या शर्यतीचे नियम ठाऊक असतात? एक पाय तरी जमिनीवर असलाच पाहिजे. दोन्ही पाय एकाच वेळीं अधांतरीं दिसले कीं चालणें संपलें व धांवणें सुरू झालें. शिवाय पुढें टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यांत वांकतां कामा नये. घाई तर करावयाची, पण घाईनें नियम मोडावयाचा नाहीं, अशी ही कठीण शर्यत आहे. लंडन येथें १९०८ सालीं झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत जॉर्ज लार्नर नांवाच्या एका इंग्रज पोलिसानें ३५०० मीटर व १० मैल अशा चालण्याच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि १९६० सालीं रोम येथें आपल्या देशाच्या झोरा सिंगनें ५० किलोमीटरांच्या शर्यतींत आठवा क्रमांक मिळविला. तेव्हां ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

आमचीं कांहीं मुलें ह्या शर्यतीच्या तयारीसाठीं सकाळीं बागेंतल्या वाटेवर फेऱ्या घालूं लागलीं आहेत. त्यांपैकीं एकानें मला विचारलें, कीं ह्या विद्येचा मूळपुरुष कोण? मूळपुरुष असा एकच दाखवितां येणार नाहीं. स्कॉटलंडचा कॅप्टन बार्कले ह्यानें १८०९ सालीं न्यूमार्केट येथें १००० तासांत १००० मैल, आणि तेही प्रत्येक तासाला एक मैल ह्या हिशेबानें, चालून दाखविले होते. म्हणजे सहा आठवडे त्या मनुष्याला सलग दोन तासही पुरते झोंपतां आलें नाहीं. परंतु चालणें ही गोष्ट ज्यानें दोन खंडांत घरोघरीं बोलण्याचा विषय करून टाकली, तो पुरुष म्हणजे अमेरिकेचा एडवर्ड पेसन वेस्टन. त्याचेंच चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

वेस्टनचा जन्म १५ मार्च १८३९ रोजीं ऱ्होड आयलंड संस्थानांतील प्रॉव्हिडन्स ह्या गांवीं झाला. लहानपणीं तो अशक्त होता. पुढें ज्याच्या पायांचें कौतुक डॉक्टर लोक करूं लागले, त्याच्या प्रकृतीविषयीं त्याच्या बालपणीं कोणालाही भरंवसा वाटत नसे. बाप सायलस वेस्टन हा कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता ऐकून तिकडे गेला, व परत आल्यावर त्यानें आपल्या प्रवासाचीं वर्णनें लिहिलीं. आई कादंबऱ्या लिहीत असे. घरांत पुस्तकें होतीं, पण पैसा नव्हता. पोरवयांतच एडवर्डनें आगगाडींत वर्तमानपत्रें विकलीं आणि बापाचीं पुस्तकें दारोदार नेऊन खपविलीं. पायीं चालण्याची त्याची पहिली शाळा ती हीच, असें मला वाटतें.

पुढें न्यूयॉर्कच्या हेरल्ड ह्या वर्तमानपत्राच्या कचेरींत तो निरोप्या म्हणून राहिला. तेथील एक गोष्ट सांगतात. मालकाच्या घरच्या फुलांची एक पेटी चुकून भलत्याच गाडींत चढविली गेली व ती गाडी निघूनही गेली. चूक ध्यानांत येतांच वेस्टन तिच्या मागोमाग पायीं निघाला, शहराच्या दुसऱ्या टोंकाला गाडी गांठून पेटी परत घेऊन आला, आणि त्याचा पगार वाढला. वीस वर्षांच्या मुलाला आपल्या पायांत कांहीं आहे हें त्या दिवशीं प्रथम समजलें असावें.

त्याचें नांव झालें तें मात्र एका पैजेमुळें. पैज लावणें आमच्या शाळेंत शिकविलें जात नाहीं, आणि हा लेख वाचून पालकांनीं तसा गैरसमज करून घेऊं नये. परंतु चरित्र लिहावयाचें तर घडलेलें लपवून चालत नाहीं. १८६० सालच्या निवडणुकींत अब्राहम लिंकन हरणार असें वेस्टन म्हणाला, व त्याचा मित्र जिंकणार असें म्हणाला. ज्याचें खोटें ठरेल त्यानें बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत दहा दिवसांत पायीं जाऊन नव्या अध्यक्षांच्या शपथविधीस हजर राहावयाचें, असें ठरलें. आणि बक्षीस काय, तर मूठभर भुईमुगाच्या शेंगा! लिंकन निवडून आले. वेस्टननें थट्टेची गोष्ट थट्टेवारी सोडून दिली नाहीं. त्यानें तयारी केली. हिवाळ्यांत हार्टफर्डहून न्यू हेवनपर्यंतचे ३६ मैल एका दिवसांत चालून पाहिले, आणि खर्च भागावा म्हणून वाटेंत शिवणयंत्रांच्या एका कंपनीचीं पत्रकें वांटण्याचें काम पत्करलें.

२२ फेब्रुवारी १८६१ रोजीं दुपारीं १२ वाजून ४८ मिनिटांनीं तो बॉस्टनहून निघाला. निघण्यापूर्वींच सावकाराचीं माणसें त्याला अडवून बसलीं होतीं, म्हणून हा उशीर. कर्ज ह्या माणसाच्या मागें जन्मभर सावलीसारखें होतें, हें येथेंच सांगून ठेवितों. रस्त्यावर बर्फ सांचलेलें होतें. तो कितीदां तरी पडला. गांवोगांवचीं कुत्रीं मागें लागलीं. कधीं एखाद्या स्वयंपाकघरांत बसल्या बसल्या डोळा लागला तर तेवढीच झोंप. ४७८ मैल चालून ४ मार्च रोजीं सायंकाळीं पांच वाजतां तो वॉशिंग्टनांत शिरला. दहा दिवस, चार तास व बारा मिनिटें! शपथविधि दुपारींच आटोपला होता. म्हणजे पैज चार तासांनीं हुकली. पण त्याच रात्रीं अध्यक्षांच्या समारंभास तो हजर राहिला, आणि लिंकन ह्यांनीं त्याचा हात हातांत घेऊन परतीच्या आगगाडीचें भाडें देऊं केलें असतां त्यानें तें नम्रपणें नाकारलें, असें तो पुढें सांगत असे. हुकलेल्या पैजेनें मिळालेली कीर्ति जिंकलेल्या पैजेनें मिळती ना, असेंही कधींकधीं मनांत येतें.

त्यानंतर यादवी युद्ध झालें, व चालण्याचा विषय कांहीं काळ मागें पडला. १८६७ सालीं, अंगावर कर्ज असलेल्या वेस्टननें चालणें हाच आपला धंदा करावयाचें ठरविलें. मेन संस्थानांतील पोर्टलंडपासून शिकागोपर्यंत, बाराशेंहून अधिक मैल, तीस दिवसांत जावयाचें, आणि त्यांतले रविवार चालावयाचें नाहीं, अशी बोली होती. २९ ऑक्टोबरला निघून २८ नोव्हेंबरला तो शिकागोस पोहोंचला. चार रविवार वजा जातां चालण्याचे दिवस सव्वीस. गांवोगांवीं लोक त्याला पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा उभे राहत. परंतु ह्या प्रवासांत २४ तासांत १०० मैल चालून दाखविण्याची एक पोट-अट होती. ती त्याच्यानें साधली नाहीं, व बक्षिसाच्या रकमेचा मोठा भाग त्यामुळें गेला. ज्यांचे पैसे त्याच्यावर लागलेले होते त्यांनीं त्याला शिव्या घातल्या, धमक्याही दिल्या. दुसऱ्याच्या जुगाराचें ओझें पाठीवर घेऊन चालणाऱ्याची स्थिति कशी होते, हें त्या चोवीस तासांत दिसलें.

रविवारची गोष्ट निघाली म्हणून थोडें विषयांतर करितों. वेस्टननें आपल्या मोठ्या प्रवासांत प्रभूचा दिवस पाळला. हिशेब करतांना तो दिवस वगळला जाई. त्या काळीं इंग्लंड-अमेरिकेंत रविवारीं करमणुकीचे जाहीर खेळ करण्यास मनाई असे, म्हणून लांब पल्ल्याच्या शर्यती सोमवारच्या पहिल्या प्रहरीं सुरू होऊन शनिवारीं मध्यरात्रीं संपत. सहा दिवसांच्या शर्यतीचा जन्म असा चौथ्या आज्ञेच्या पोटीं झाला, हें ऐकून आमच्या वर्गांतील मुलांना मौज वाटली.

ह्या सहा दिवसांत ५०० मैल चालण्याचा पण वेस्टननें केला. गणितांत हुषार असलेल्या मुलांनीं हिशेब करून पाहावा. दिवसाला ८३ मैलांहून अधिक. ताशीं चार मैलांची गति धरली तर रोज जवळ जवळ २१ तास नुसतें चालणें. जेवण, झोंप, अंगावरचे कपडे बदलणें, सारें तीन तासांत! एकाहून अधिक वेळां तो ह्यांत अपयशी झाला. वर्तमानपत्रांनीं त्याची टर उडविली. शेवटीं १८७४ च्या डिसेंबरांत, न्यूअर्क येथें, शनिवारची मध्यरात्र होण्यास अर्ध्या तासाहूनही कमी वेळ राहिला असतां, त्याचे ५०० मैल पुरे झाले. त्यापूर्वीं हें कोणाकडून घडलें नव्हतें.

तो चालत असे तेव्हां नुसता चालत नसे. मखमली अंगरखा, झालरीचा सदरा, हातांत छडी असा थाट असे. लोक कंटाळूं लागले कीं चालतां चालतां तोंडाला शिंग लावून गाणें वाजवी. कांहीं जाणत्यांना हा पोरखेळ वाटे. मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु पांचव्या दिवशीं, पायांना फोड आलेले असतां, जो मनुष्य समोरच्या लहान मुलांना हंसवितो, त्याच्या मनाची ताकद नुसत्या थाटानें येत नाहीं.

१८७५ च्या नोव्हेंबरांत त्याला त्याच्या तोडीचा गडी भेटला. डॅनियल ओलेअरी हा आयर्लंडहून आलेला, दारोदार पुस्तकें विकणारा तरुण. शिकागोच्या सामन्यांत ओलेअरीनें सहा दिवसांत ५०० मैलांचा पल्ला ओलांडला, तेव्हां वेस्टनचे ४५१ झाले होते. ओलेअरी ताठ, सरळ, नियमशुद्ध चाले. वेस्टन खांदे व कमरेला हेलकावे देत चाले. पुढें १८७७ सालीं लंडनमध्येंही ओलेअरीच जिंकला, मात्र त्या वेळीं अंतर दहा मैलांच्या आंत आलें होतें.

लंडनमधील एक प्रकार मुलांपासून लपवावा असें प्रथम मनांत आलें होतें. पण मुलांना तो एक ना एक दिवस कळणारच, तेव्हां तो शिक्षकाकडून कळलेला बरा. १८७६ च्या फेब्रुवारींत इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्यें पर्किन्स नांवाच्या इंग्रज गड्याशीं २४ तासांचा सामना झाला. पर्किन्स मध्येंच थकून बसला. वेस्टन १०९ मैल चालला. पण त्याच्या ओंठांवर तांबूस डाग एका डॉक्टरला दिसले. विचारतां वेस्टननें कबूल केलें कीं आपण दक्षिण अमेरिकेंतील कोका नांवाच्या झुडपाचीं पानें चघळलीं होतीं. ह्याच पानांपासून कोकेन होतें. तीं एका वैद्याच्या सांगण्यावरून घेतलीं, त्यांनीं उत्साह येण्याऐवजीं सुस्ती आली, म्हणून सोडून दिलीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्या काळीं ह्याविरुद्ध नियम नव्हता. तरीही पानें गुपचूप चघळलीं होतीं हें खरें, आणि त्याच्या चाहत्यांना त्याचें वाईट वाटलें. मला वाटतें तें एवढेंच, कीं विचारल्यावर त्यानें खोटें सांगितलें नाहीं.

डॉक्टरांचें लक्ष त्याच्याकडे त्याआधींपासून होतें. १८७० सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. ऑस्टिन फ्लिंट ह्यांनीं त्याच्या पांच दिवसांच्या चालण्यांत त्याचें खाणें तोलून, मूत्र तपासून, कष्टानें स्नायूच झिजतात कीं दुसरें कांहीं जळतें, हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला, लंडनमध्यें डॉ. पेव्ही ह्यांनीं तेंच काम पुढें चालविलें. फ्लिंट ह्यांचें मत स्नायु झिजतात असें पडलें. आज आपण जाणतों कीं चालणाऱ्याचें मुख्य जळण म्हणजे पीठ-साखर व चरबी. कोणतेंही ज्ञान असें चुकत-माकत वाढतें, आणि ह्या ज्ञानाच्या एका पायरीवर वेस्टनचीं पावलें उमटलेलीं आहेत.

१८७९ चें साल त्याच्या आयुष्यांत फार विलक्षण. जानेवारी-फेब्रुवारींत इंग्लंडच्या थंडींत १००० तासांत २००० मैल रस्त्यानें चालण्याचें त्यानें पत्करलें, आणि १९७७॥ मैलांवर वेळ संपली. साडेबावीस मैलांसाठीं सारें गेलें. आतां हा संपला, असें पुष्कळांनीं ठरविलें. जूनमध्यें सर जॉन ॲस्टली ह्यांनीं ठेविलेल्या पट्ट्यासाठीं सहा दिवसांची शर्यत झाली. तींत चालावें अथवा धांवावें, ज्याची त्याची मर्जी. वेस्टन आजवर चालणाराच. धांवण्यांत त्याला कोणी जमेस धरीत नव्हतें. त्यानें चालणें व धांवणें मिसळून ५५० मैल केले आणि तो पट्टा जिंकला. सप्टेंबरांत तो पट्टा चार्ल्स रोवेल ह्या इंग्रजानें परत नेला, हेंही सांगितलें पाहिजे.

बागेंत फेऱ्या घालणाऱ्या मुलांनीं येथें क्षणभर थांबावें. ह्या सर्व पराक्रमांत कसरतीचें गूढ कांहीं नव्हतें. जाड तळाचे, पायांस सरावलेले जोडे. थोडें थोडें पण वेळेवर खाणें. आरंभीं गति रोखून धरणें. आणि रोज चालणें. सामन्याच्या आदल्या आठवड्यांत अंग मोडेपर्यंत मेहनत करून सामन्याच्या दिवशीं लंगडत येणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. बागेची मातीची वाट फरसबंदीपेक्षां गुडघ्यांना सोसते, म्हणून ती चांगली. एका सोबत्यानें बाजूला बसून पाय उचलला जातो काय तें पाहावें, व उचलला गेला कीं हांक मारावी. हांक ऐकतांच गति कमी करावी, वाद घालूं नये. फेऱ्या आठवड्यागणिक एक-दोनच वाढवाव्या. आपल्या देशाला पायीं चालणें कांहीं नवें नाहीं. आळंदीहून पंढरपुरास दर वर्षीं लाखों माणसें, त्यांत म्हातारीं माणसेंही, दोन-अडीच आठवडे चालत जातात, आणि त्यांना कोणी शिकविलेलें नसतें.

आतां वेस्टनच्या ज्या कामाबद्दल मला सर्वांत अधिक आदर वाटतो त्याकडे वळतों. १८८३ च्या नोव्हेंबरांत, इंग्लंडच्या चर्चच्या मद्यपाननिषेधक मंडळीच्या वतीनें, त्यानें १०० दिवसांत ५००० मैल चालण्यास आरंभ केला. रोज ५० मैल. रविवारीं व नाताळच्या दिवशीं विश्रांति. पिण्यास चहा-कॉफी, दारूचा थेंब नाहीं. आणि दिवसाचें चालणें झालें कीं संध्याकाळीं लोकांपुढें दारूबंदीवर भाषण. अंगांत जोम येण्यासाठीं दारू घ्यावी लागते, ही समजूत त्या वेळीं गड्यांत आणि डॉक्टरांतही होती. तिला उत्तर म्हणून व्याख्यानें पुष्कळ झालीं होतीं; वेस्टननें पायांनीं उत्तर दिलें. मुंबईहून कलकत्ता लोहमार्गानें सुमारें १२०० मैल. तें अंतर चार वेळां काटलें तरी २०० मैल उरतील, एवढें हें काम. १५ मार्च १८८४ रोजीं, आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशीं, लंडनच्या लॅम्बेथ भागांतील रॉयल व्हिक्टोरिया कॉफी हॉलमध्यें त्यानें शेवटचा मैल पुरा केला. पैज नाहीं, पट्टा नाहीं. ज्या माणसाची कीर्ति जुगाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली होती, त्यानें तिचा असा उपयोग केला.

मग सहा दिवसांच्या शर्यतींचें वेड ओसरलें. लोक सायकलींच्या व नंतर मोटारींच्या मागें लागले, आणि वेस्टन विस्मृतींत गेला. परंतु तो चालत राहिला होता. १९०७ सालीं, अडुसष्टाव्या वर्षीं, त्यानें पोर्टलंडहून शिकागोची तीच जुनी वाट पुन्हा धरली आणि अठ्ठाविसाव्या वर्षींचा आपलाच काळ एका दिवसाहून अधिक फरकानें मागें टाकला. मोटारगाडीनें माणसें आळशी होतील, असें तो जिकडे जाई तिकडे सांगे.

१५ मार्च १९०९ रोजीं, सत्तर वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, न्यूयॉर्कच्या टपालकचेरीपासून तो सॅन फ्रान्सिस्कोस निघाला. रविवार सोडून १०० दिवसांत पोहोंचण्याचा निश्चय होता. त्याचें खाणें व जोडे घेऊन बरोबर मोटारगाडी निघाली होती. ती चिखलांत रुतली, बिघडली, मागें राहिली. म्हातारा पुढें गेला! पश्चिमेकडील ओसाड मुलखांत रस्ते नव्हते, म्हणून त्यानें आगगाडीचे रूळ धरले. वारा, बर्फ, डांस सारें सोसलें. रूळ सांभाळणाऱ्या मजुरांच्या झोंपड्यांत जें मिळेल तें खाल्लें. १०४ दिवस व कांहीं तासांनीं तो पोहोंचला. सारा देश वाहवा करीत असतां त्याला मात्र चार दिवसांचा उशीर जिव्हारीं लागला. तो ह्याला आपलें मोठें अपयश समजे. १८६१ सालीं चार तास, १९०९ सालीं चार दिवस.

तो स्वस्थ बसला नाहीं. १ फेब्रुवारी १९१० रोजीं लॉस अँजेलिसहून तो उलट दिशेनें निघाला. ह्या वेळीं ९० दिवसांचा संकल्प होता. सुमारें साडेतीन हजार मैलांची ती वाट त्यानें रविवार वजा जातां ७७ दिवसांत संपविली. २ मे रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांत माणसांना उभें राहण्यास जागा उरली नव्हती, आणि नगराध्यक्ष गेनर ह्यांनीं नगरभवनांत त्याचें स्वागत केलें. १९१३ सालीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, न्यूयॉर्कहून मिनिआपोलिसपर्यंत सुमारें १५०० मैल तो पुन्हा चालला. हा त्याचा शेवटचा मोठा प्रवास.

उतारवयांत त्याच्याजवळ पैसा राहिला नाहीं. मिळालें तें कर्जांत, खर्चांत व दुसऱ्यांच्या हातीं गेलें. १९२७ सालीं त्याची हलाखी वर्तमानपत्रांतून कळली, तेव्हां ॲन निकोल्स ह्या नाट्यलेखिकेनें त्याच्या निर्वाहासाठीं तीस हजार डॉलरांची रक्कम बाजूला काढून ठेविली. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पायीं जात असतां एका भाड्याच्या मोटारीनें त्याला पाडलें. तेव्हांपासून त्याला चालतां आलें नाहीं. १९२९ सालच्या मे महिन्यांत, वयाचीं नव्वद वर्षें पुरीं झाल्यावर दोन महिन्यांनीं, ब्रुकलिन येथें त्याचें निधन झालें.